गाडीचं साल काही केल्या जुळत नाही? जुन्या मोटारीचं मूळ शोधताना

कारखान्याच्या पाटीवर १९२९, इंजिनाच्या नंबरावरून १९३१ आणि कागदांवर भलतंच तिसरं साल. जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर सल्लाही नेहमीचाच मिळतो: "चासी नंबर टाकून बघा." तो टाकून झालेला असतो, म्हणूनच तर माणूस विचारायला आलेला असतो.

घोळ होतो तो सगळा भार एकाच नंबरावर टाकल्यामुळे. साठ-सत्तर वर्षं रस्त्यावर असलेल्या गाडीचं इंजिन बदललेलं असू शकतं, बॉडी दुसरी चढवलेली असू शकते, गिअरबॉक्स भंगारातून आलेला असू शकतो, आणि या सगळ्यात कुणाचाही वाईट हेतू नसतो. गाडी चालती ठेवायची होती, एवढंच. त्यामुळे "साल कोणतं?" हा प्रश्न बाजूला ठेवून "कोणता भाग कोणत्या सालचा?" असं विचारलं की गुंता सुटायला लागतो.

माझा एक ठोकताळा आहे. ज्या खुणेमुळे गाडीची किंमत वाढते, तिच्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवायचा. पाटी, इंजिनाचा नंबर, मॉडेलचं चिन्ह यांची नक्कल करणं परवडतं, म्हणून ती होते. डायनॅमोच्या पोटावर ठोकलेली तारीख, सीटखालच्या लाकडावरचा कामाचा नंबर, बोल्टाचे आटे यांची नक्कल करत बसायला कुणाला सवड नसते. तपासाला बसायचं ते या दुसऱ्या गटापासून.

एक विनंती मात्र आधीच. फोटो काढून होईपर्यंत वायर ब्रश, सँडपेपर आणि पेंट रिमूव्हर कुलपात ठेवा. हौसेने केलेल्या साफसफाईत जेवढ्या खुणा गेल्या आहेत, तेवढ्या गंजानेही गेल्या नसतील.

नंबर सापडलाय, पण कुठेच लागत नाही

बहुतेक वेळा हा नंबर चुकीच्या जातीचा असतो. धातूवर बोट फिरवून बघा. आकडे उठावदार असतील तर ते ओतलेले आहेत, म्हणजे साच्यातूनच आलेले. हा कास्टिंग नंबर. तो त्या भागाचं डिझाइन सांगतो, तुमच्या गाडीबद्दल काही सांगत नाही. तोच नंबर हजारो ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडांवर, असतो. आकडे खोलगट असतील तर ते पंचाने ठोकलेले आहेत, आणि गाडीचा किंवा इंजिनाचा स्वतःचा नंबर असतो तो बहुधा असाच. पाटीवरचा नंबर ही तिसरी जात. पाटी रिवेट काढली की सुटते, हे विसरू नका.

दुसरं कारण म्हणजे नंबराची लांबी. हल्लीचा सतरा खुणांचा नंबर अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलांपासून सक्तीचा झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गफलत करतात. त्याआधी प्रत्येक कारखान्याची पद्धत आपापली होती. चार आकडी नंबर असलेली युद्धपूर्व गाडी संगणकात टाकली आणि उत्तर आलं "नंबर अवैध", तर गाडीत काही खोट नाही. तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात.

या आपापल्या पद्धतींमध्ये गमतीजमती भरपूर. एमजी या ब्रिटिश कंपनीच्या टीसी आणि टीडी मॉडेलांचे चासी नंबर १ पासून सुरू न होता ०२५१ पासून होतात, कारण तिच्या ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. तेव्हा टीसी ०३०० ही तीनशेवी गाडी नव्हे, पन्नासावी. हे ठाऊक नसेल तर "इतक्या सुरुवातीचा नंबर असूनच शकत नाही" म्हणून चांगली गाडी संशयात सापडते. नंबर वाचण्याआधी त्या कारखान्याने तो कसा दिला ते वाचायला हवं.

इंजिन एक सांगतं, गाडी दुसरंच

सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे होते, म्हणून जरा थांबून बघू.

फोर्डचं मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी गाड्या निघाल्या. बहुतेक काळ त्यांच्या चासीवर नंबर ठोकलेला नसे. इंजिनाचा नंबर हाच गाडीचा नंबर. आता इंजिन गेलं आणि मालकाने दुसऱ्या टीचं बसवलं की कागदोपत्री गाडीचं साल बदललं. एकोणीसशे पंधराच्या बॉडीखाली १९२४ चं इंजिन असेल आणि कागदावर १९२४ लिहिलेलं असेल, तर कुणी खोटं बोललेलं नाही. शिवाय तो नंबर इंजिन कधी तयार झालं ते सांगतो. इंजिन मूळ कारखान्यातून दूरच्या जुळणी-कारखान्यात गेलं, तिथे गाडीत चढलं. मध्ये काही आठवडे सहज जात. वर्षअखेरच्या इंजिनाची गाडी पुढच्या सालातली निघाली तर त्यात नवल नाही.

मॉडेल ए मध्ये मात्र चांगली सोय आहे, फक्त ती लपलेली आहे. इंजिनावर डाव्या बाजूला, पाणी शिरतं त्या तोंडाच्या वर, नंबर ठोकलेला असतो: ए अक्षर, आकडे आणि दोन्ही टोकांना चांदणी. हाच नंबर कारखान्यात चासीच्या डाव्या रेलच्या, म्हणजे लांब पोलादी तुळईच्या, वरच्या अंगावरही ठोकत. पण त्यावर बॉडी बसते, त्यामुळे तो दिसत नाही. बॉडीचे बोल्ट सैल करून ती थोडी उचलल्याशिवाय तो वाचता येत नाही, म्हणूनच तो बहुधा कुणी छेडलेलाही नसतो. हे दोन नंबर जुळले तर प्रश्न मिटला. जुळले नाहीत, तर चासीचा नंबर धरा आणि इंजिन बदललेलं आहे असं नोंदवा. कधी ब्लॉकवर नंबरच नसतो. त्यालाही लगेच चोरीचा माल समजू नये. बदली म्हणून मिळणारे ब्लॉक बिननंबरी येत आणि जुना नंबर ठोकण्याचं काम बसवणाऱ्याकडे असे. काही जण ठोकत, काही विसरत.

ब्लॉकचं खरं वय सांगते ती ओतकामाची तारीख. ती वाचायची रीत अशी. बीडावरचं वंगण रॉकेल आणि नायलॉनच्या ब्रशने काढायचं. आकडे झिजलेले असतील तर सरळ उजेडात काही दिसत नाही. टॉर्च अगदी आडवी धरून उजेड कडेने टाकला की उठाव सावलीसकट दिसतो. तरीही शंका राहिली तर पातळ कागद दाबून धरून त्यावर पेन्सिल आडवी घासायची. तीन आणि आठ, पाच आणि सहा यांच्यातला फरक कागदावर जास्त स्पष्ट कळतो.

वाचून झाल्यावर अर्थ लावताना लोक घसरतात. मॉडेल टीच्या ब्लॉकवर ५-१२-२२ असं असेल तर तो १२ मे १९२२. अमेरिकेत महिना आधी लिहितात. शेव्हरोलेच्या ब्लॉकवर महिन्याचं अक्षर, मग तारीख, मग सालाचा शेवटचा आकडा असतो: सी १४ ७ म्हणजे १४ मार्च, साल ७ वर संपणारं. फोर्डच्या साठच्या दशकातल्या भागांवर क्रम उलटा, साल आधी: ८ सी १४ म्हणजे १४ मार्च १९६८. फोर्ड आय अक्षर वगळतं, म्हणून तिथे सप्टेंबर म्हणजे जे. एका कंपनीचा तक्ता दुसरीला लावला की महिनाही चुकतो आणि सालही.

सालाचा एकच आकडा असला की दशकाचा प्रश्न उरतो. तो कास्टिंग नंबरवरून सुटतो, पण नेहमी नाही. शेव्हरोलेचा ३९७००१० हा ब्लॉक १९६९ पासून १९७९ पर्यंत वापरात होता. त्यावर एफ १४ ९ दिसलं तर जून १९६९ की जून १९७९? दोन्ही बसतात. अशा वेळी ब्लॉकच्या पुढच्या सपाट पट्टीवर ठोकलेला कोड बघायचा. १९७० च्या मॉडेलांपासून त्याच्या शेवटी तीन अक्षरं येऊ लागली, त्याआधी दोन असत. दहा वर्षांचा फरक एका अक्षरावर ठरतो, आणि पैशांचा फरक तर विचारूच नका.

फोर्डच्या भागांवर आणखी एक सापळा आहे. सी८ओई-६०१५ असा नंबर दिसतो आणि मालक खूश होतो की ब्लॉक १९६८ चा. यातला सी म्हणजे साठचं दशक, आठ म्हणजे १९६८, ६०१५ म्हणजे सिलिंडर ब्लॉक हे बरोबर. पण हे साल डिझाइनचं आहे. तोच ब्लॉक पुढच्या वर्षीही ओतला जाऊ शकतो. कधी ओतला ते तारखेच्या कोडवरून घ्यायचं, इथून नाही.

तारखांचा मेळ घालताना नियम सोपा आहे. भाग गाडीच्या आधी तयार व्हायला हवा, आणि फार आधीही नको. काही दिवस ते दोन-तीन महिने हे अंतर पटण्यासारखं. गाडीच्या नंतरची तारीख असेल तर भाग बदललेला, यात वाद नाही. दोन वर्षं आधीची असेल तर तो बहुधा दुसऱ्या गाडीतून आलेला.

जग्वारवाल्यांचं काम त्यामानाने सोपं. एक्सके १२० च्या पाटीवर चासी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी असे सगळे नंबर लिहिलेले असतात, आणि इंजिनाचा नंबर ब्लॉकबरोबर सिलिंडर हेडवरही ठोकलेला असतो. हेड बदललं असेल तर ते तिथल्या तिथे कळतं.

नंबर जुळतायत, पण जरा जास्तच छान जुळतायत

ठोकलेला नंबर नंतर घातलेला आहे का, हे ओळखायला आकडे बघण्याआधी आकड्यांमागचा पृष्ठभाग बघा. अमेरिकन व्ही-आठ इंजिनांत कारखान्यात ब्लॉकचा माथा यंत्रावर कापताना नंबराच्या सपाट पट्टीवर बारीक, सरळ, समांतर रेघा उमटत. नंबर त्या रेघांवर ठोकला जाई, त्यामुळे रेघा आकड्यांच्या आजूबाजूला तशाच दिसतात. पट्टी आरशासारखी गुळगुळीत असेल, किंवा तिच्यावर गोल गोल घासल्याच्या खुणा असतील, तर जुना नंबर तिथून गेलेला आहे. मात्र इंजिन उघडून माथा लेव्हल करून घेतला तरी नंबर जातो, आणि ते काम कुठल्याही टर्नरकडे रोज होतं. नंबर गेला म्हणजे लबाडी असं नाही. गेलेल्या जागी नवा, चकचकीत, हवा तोच नंबर आला, की मग विचारायचं.

आकड्यांची ठेवणही बोलते. त्याच कारखान्यातल्या, त्याच महिन्यांतल्या दोन-तीन खात्रीच्या गाड्यांचे फोटो मिळवा आणि चारची मान उघडी की बंद, सहाचं शेपूट किती वळलेलं, तीनचा माथा गोल की सपाट एवढंच ताडून बघा. कारखान्यातला नंबर थोडा वाकडा, एखादा आकडा खोल, एखादा उथळ असा असू शकतो. ओळीत, सारख्या खोलीचे, नव्या पंचाच्या धारदार कडांचे आकडे जुन्या गंजलेल्या रेलवर दिसले तर मला तरी ते पटत नाहीत.

चासीचा नंबर असेल तर रेलची उलटी बाजू आवर्जून बघा. नंबराभोवतीचा तुकडा कापून बसवलेला असेल तर वरून घासून रंगवलेलं असतं, आतून वेल्डिंगची रेघ राहून जाते. पाटी असेल तर रिवेट बघा. पाटी जुनाट, भोवतालचा रंग जुनाट आणि रिवेट कोरे, हे त्रांगडं जमत नाही. पाटी उचलून खाली बघायचा मोह मात्र आवरा. अनेक देशांत नंबराची पाटी काढणं हाच गुन्हा आहे.

घासून काढलेल्या नंबराखाली धातू पंचाच्या दाबाने बदललेला असतो, म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्ल लावून तो पुन्हा दिसू शकतो. हे खरं आहे. घरी बाटली आणून करायचं काम नाही हेही खरं, कारण एकदा चुकलं की उरलेली खूणही जाते आणि छेडछाडीचा आळ तुमच्यावर येतो.

स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे ब्रिटिश?

नाही. हा समज इतका पसरलेला आहे की त्यावरून गाडीचं जन्मस्थान ठरवून लोक मोकळे होतात. पिअर्स-ॲरो ही पक्की अमेरिकन गाडी १९२० पर्यंत उजव्या हाताच्या स्टिअरिंगची होती. बुगाटी फ्रान्सची, लान्चिया इटलीची. दोघींनी उजवी बाजू दीर्घकाळ सोडली नाही. लान्चियाने तर दुसऱ्या महायुद्धानंतरही.

उलटी बाजूही आहे. उजव्या हाताची फोर्ड दिसली की ती इंग्लंडची असेल असं वाटतं, पण ब्रिटन सोडून साम्राज्याच्या बाकी देशांना फोर्ड गाड्या कॅनडातून जात. फोर्डचा कॅनडातला कारखाना १९०४ पासूनचा. तिथल्या मॉडेल टीच्या नंबरात सी अक्षर असतं आणि मॉडेल ए च्या नंबराआधी सीए. नंबर वाचता येत नसेल तर दार उघडून बघा. अमेरिकेत बनलेल्या १९१२ ते १९२५ च्या टी टूरिंगला, म्हणजे उघड्या टीला, चालकाच्या बाजूला पुढचं दार नुसतं पत्र्यात उमटवलेलं, खोटं असतं. कॅनडातल्या गाड्यांना तिथे उघडणारं दार होतं. स्क्रूही तपासा. चौकोनी खाचेचे रॉबर्टसन स्क्रू ही कॅनडाची खूण.

मग सुट्या भागांत पाठवून दुसऱ्या देशात जोडलेल्या गाड्या. चासी आणि इंजिन एका देशाचं, बॉडी दुसऱ्याची. ऑस्ट्रेलियात शेव्हरोलेच्या चासींवर ॲडलेडच्या होल्डन कंपनीच्या बॉडी चढत, कारण तयार बॉडीवरचा आयात कर जबर होता. अशा गाडीची बॉडी अमेरिकन कॅटलॉगशी जुळत नाही म्हणून ती "बदललेली" ठरवली जाते, आणि चांगली अस्सल होल्डन बॉडी काढून तिथे अमेरिकन नक्कल बसवली जाते. यासारखी हळहळ वाटणारी गोष्ट नाही. बॉडीवर बनवणाऱ्याची छोटी पाटी असते, बहुधा दाराच्या उंबऱ्यावर किंवा फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर. ती आधी शोधा.

चासी आणि बॉडीचं लग्न कधी लागलं?

महागड्या गाड्यांत हा प्रश्न हमखास येतो. रोल्स-रॉइस दुसऱ्या महायुद्धापर्यंत चासी आणि यंत्रभाग देई. बॉडी बार्कर, हूपर, पार्क वॉर्ड असे बॉडी बांधणारे बांधकामवाले करत. बंद, जड बॉडी काढून त्याच चासीवर उघडी टूरर चढवणं पूर्वीही होत असे आणि नंतर तर फारच झालं, कारण उघड्या गाडीला मागणी जास्त. चासी अस्सल, नंबर अस्सल, पण बॉडी काल-परवाची.

इथे लाकूड उपयोगी पडतं. बॉडीचा सांगाडा जिथे लाकडी आहे तिथे सीटच्या फळ्या, फ्लोअरबोर्ड, दाराच्या अस्तरामागच्या पट्ट्या उचलून बघा. बांधकामवाले त्या त्या कामाचा नंबर या तुकड्यांवर ठोकत किंवा लिहून ठेवत, कारण रंगकामाच्या वेळी सगळं सुटं होई आणि मिसळता कामा नये. पाच-सहा तुकड्यांवर तोच नंबर मिळाला तर बॉडी एकसंध आहे. दारावर एक, फ्लोअरवर दुसरा, तर दोन गाड्यांची मिळून एक झालेली आहे.

चासीच्या रेलवरची रिकामी भोकं मोजा. बॉडी बसवण्याच्या ब्रॅकेटसाठी पाडलेली, पण आता कशालाच उपयोगी नसलेली भोकं दिसली तर आधी तिथे वेगळी बॉडी होती. भोकाची कड रंगाखाली गंजलेली आहे की नव्या ड्रिलने चमकते आहे, हेही बघा.

लाकूड असायला हवं तिथे नसणं आणि नसायला हवं तिथे असणं, दोन्ही तपासाच्या गोष्टी. डॉज ब्रदर्सच्या गाड्यांना १९१४ पासून बड कंपनीच्या पोलादी बॉडी होत्या. त्या काळच्या डॉज टूरिंगमध्ये दारांच्या आत जाडजूड लाकडी चौकटी निघाल्या, तर कुणीतरी नंतर बांधलेली बॉडी बघताय.

आटे बघा

माझ्या मते तपासातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. नट-बोल्ट फोटोत दिसत नाहीत, म्हणून त्यांची कुणाला फिकीर नसते, आणि म्हणूनच ते भरवशाचे.

आट्यांचा गेज आणि कॅलिपर एवढ्यावर काम होतं. जुन्या ब्रिटिश गाडीत व्हिटवर्थ जातीचे आटे, ज्यांचा कोन ५५ अंश. अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने एकच, "युनिफाइड" आटे ठरवले आणि पुढच्या काही वर्षांत ब्रिटिश गाड्या तिकडे वळल्या. तीसच्या दशकातल्या ब्रिटिश गाडीच्या स्टिअरिंग बॉक्सला युनिफाइड बोल्ट निघाले, तर तो बॉक्स नंतरचा आहे किंवा भोकं नव्याने आटे पाडून घेतलेली आहेत.

याला एक झकास अपवाद आहे, आणि त्याने भल्याभल्या मिस्त्र्यांना चकवलं आहे. एमजी टीसीचं इंजिन उघडायला व्हिटवर्थचा पाना बरोबर बसतो. बोल्ट बाहेर आला की त्याचे आटे मात्र मेट्रिक, आणि तेही ८ मिलिमीटरला १ मिलिमीटर अंतराचे, म्हणजे आजच्या नेहमीच्या १.२५ पेक्षा बारीक. कुणीतरी चुकीचे बोल्ट मारले असं वाटून लोक भोकं बिघडवून बसतात. कारण इतिहासात आहे. एमजीचं हे इंजिन मॉरिसकडचं, आणि मॉरिसची इंजिनं कॉव्हेंट्रीतल्या हॉचकिस कारखान्यात बनत. कंपनी फ्रेंच, यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण ब्रिटिश गॅरेजात पाने व्हिटवर्थचे, म्हणून डोकी व्हिटवर्थची. मॉरिसने १९२३ मध्ये तो कारखाना विकत घेतला तरी रीत पुढे चालू राहिली. तेव्हा त्या इंजिनात हे विचित्र बोल्ट असणं हीच अस्सलपणाची खूण, आणि आजचा दुकानातला जाड आट्याचा बोल्ट ही बदलाची.

स्क्रूच्या डोक्यावरची अधिक चिन्हाची खाच, म्हणजे फिलिप्स, मोटारीत पहिल्यांदा १९३६ च्या कॅडिलॅकमध्ये आली. वीसच्या दशकातल्या गाडीच्या डॅशबोर्डला ती दिसली तर डॅशबोर्ड उघडला गेला आहे हे नक्की. डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला बोल्ट युद्धपूर्व गाडीत जन्मापासून असू शकत नाही. असे बोल्ट जिथे जिथे सापडतील तिथे तिथे नोंद करा. कोणते भाग कधीतरी उतरवले गेले त्याचा नकाशा आपोआप तयार होतो.

छोट्या भागांच्या तारखा

हे पटकन उरकतं. ब्रिटिश गाडीत लुकासचा डायनॅमो, सेल्फ, डेल्को (म्हणजे डिस्ट्रिब्युटर) यांच्या अंगावर महिना आणि सालाचे दोन आकडे ठोकलेले असतात. एसयू कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरच्या झाकणावर, स्क्रूखाली, नंबराची छोटी पट्टी असते. बहुतेक वेळा ती हरवलेली असते. स्मिथ्सच्या स्पीडोमीटरच्या डायलवर खाली बारीक अक्षरांत एक आकडा असतो, समजा १२८०. एका मैलाला केबलचे किती फेरे ते तो सांगतो, आणि गाडीच्या गिअरशी तो जुळत नसेल तर मीटर परक्या गाडीचा.

काही गोष्टी तारीख नसतानाही तारीख सांगतात. पितळी रेडिएटर मॉडेल टीला १९१६ पर्यंत. एकाच बंद काचेत बल्ब असलेले सील्ड बीम दिवे अमेरिकन गाड्यांत १९४० च्या मॉडेलांपासून. क्रोम वीसच्या दशकाच्या उत्तरार्धात आलं. त्याआधी निकेल, ज्याची झळाळी जरा पिवळसर, ऊबदार दिसते. प्लास्टिकच्या आवरणाच्या वायरी युद्धपूर्व गाडीत नव्हत्या, रबरावर सुती विणीच्या होत्या. वायरिंग बदललेलं असणं हा दोष नाही, उलट जुनं सुती वायरिंग घेऊन रस्त्यावर जाणाऱ्याची मला भीतीच वाटते. काढलेलं मात्र जपून ठेवा.

मूळ रंग कोणता?

बाहेरच्या पत्र्यावर उत्तर शोधू नका, तिथे अनेक हात फिरलेले असतात. डॅशबोर्डच्या मागे, सीटच्या चौकटीखाली, फायरवॉलच्या आतल्या कोपऱ्यात, दाराच्या बिजागरीमागे बघा. लपलेली छोटी जागा निवडून बारीक सँडपेपर पाण्यात भिजवून हळूहळू गोल घासा. थर एकाखाली एक वर्तुळांसारखे उघडे पडतात. मधोमध धातू, त्याच्या लगत प्रायमर आणि त्यावरचा पहिला रंग हा मूळचा. दोन-तीन वेगळ्या भागांवर तोच क्रम आला तरच खरा धरा. एकट्या बोनेटखाली वेगळाच क्रम असेल तर बोनेट पाहुणं आहे.

थरांचा प्रकारही काळ सांगतो. वेगाने सुकणारा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज रंग पहिल्यांदा १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर आला. त्याआधीची कामं ब्रशने मारलेल्या, आठवडे सुकणाऱ्या वॉर्निश रंगांची. मॉडेल टीबद्दल सगळ्यांना ठाऊक असलेलं "फक्त काळा" हे १९१४ ते १९२५ एवढ्यापुरतंच खरं. १९१२ ची टी खरडताना काळ्याखाली निळा निघाला, तर कुणीतरी नंतर काळी केली आहे, आधी निळी केलेली नाही.

सगळं करूनही जुळत नसेल

मग बहुधा तुमच्याकडे दोन गाड्यांची एक झालेली आहे, आणि तसं लिहून मोकळं व्हावं. "१९२९ ची चासी, १९३१ चं इंजिन, बॉडी नंतरची" हे प्रामाणिक वर्णन आहे. त्यावरून गाडी विकताही येते आणि नीट दुरुस्तही करता येते. तीन सालं मिळून सरासरी काढू नका. मी ते होताना पाहिलंय.

"मूळ" म्हणजे किती मूळ, यावर कोर्टाची पायरीही चढून झाली आहे. १९२९ आणि १९३० ची ल मां शर्यत जिंकणाऱ्या बेंटले स्पीड सिक्सचं, ओल्ड नंबर वनचं, प्रकरण १९९० साली लंडनच्या हायकोर्टात गेलं. शर्यतीतले फारसे भाग तिच्यात उरलेले नव्हते. चासी, इंजिन, बॉडी सगळं टप्प्याटप्प्याने बदलत गेलं होतं. तरी ती कधी मोडीत निघाली नाही, तिचा इतिहास अखंड होता, म्हणून न्यायाधीशांनी तिला खरी ओल्ड नंबर वन मानलं. हा निकाल प्रत्येक गाडीला लावता येणार नाही, आणि विक्रेते तो लावायला फार उतावीळ असतात. पण त्यातली अट लक्षात घ्या: बदल टप्प्याटप्प्याने झाले आणि त्यांची नोंद होती. भंगारातून आणलेल्या पाटीभोवती नवी गाडी बांधणं हे निराळं प्रकरण.

शेवटचा दरवाजा कारखान्याच्या नोंदींचा. ऑस्टिन, मॉरिस, एमजी, ट्रायम्फ अशा गाड्यांच्या नोंदी इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत आणि ते त्यावरून दाखला देतात. जग्वारसाठी जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट, जुन्या रोल्स-रॉइसच्या चासी कार्डांसाठी रोल्स-रॉइस एन्थुझियास्ट्स क्लब. फोर्डच्या १९६७ पासूनच्या अमेरिकन गाड्यांना मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला अहवाल, मिळतो. साठ-सत्तरच्या दशकातली अमेरिकन गाडी असेल तर पत्र लिहिण्याआधी सीटच्या स्प्रिंगांत आणि पेट्रोलच्या टाकीवर हात घालून बघा. जुळणीच्या वेळचा छापील कागद तिथेच राहून गेलेला असू शकतो. निघाला तर ओढू नका, तो पापडासारखा मोडतो. आधी जागेवरच फोटो.

नोंदी मागताना चासीचाच नंबर पाठवून थांबू नका. इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी, मिळतील ते सगळे नंबर, प्रत्येकाचा जवळून एक आणि लांबून एक फोटो, आणि कोणता नंबर ठोकलेला, कोणता ओतलेला, कोणता पाटीवरचा ते स्पष्ट लिहा. तुम्हाला जे साल वाटतंय ते कळवू नका. त्यांना आपल्या वहीतून काढू द्या. आणि उत्तर हातात येईपर्यंत गाडी रंगाला देऊ नका.